तक्त्यातलं ठाणे आणि आमचं ठाणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण ठाणे लोकसभा मतदारसंघाचा पहिल्या निवडणुकीपासून २०२४ पर्यंतचा तक्ता छापलात. वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष असे तीन रकाने. ठाणे हा अमुक विचारांचा जुना बालेकिल्ला, तो १९८४ ला आणि २००९ ला तेवढा हातचा गेला, असा मजकूरही खाली होता. नावं बरोबर आहेत. १९८२ ची पोटनिवडणूक मात्र गळली आहे. त्या वेळी भाजपचे जगन्नाथ पाटील निवडून आले होते, त्यांना घ्यायला हवं होतं. पण माझी तक्रार ती नाही. हा तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, की सत्तर वर्षं तीच गावं, तेच मतदार, फक्त त्यांची मनं फिरत गेली. मनं फिरली असतीलही. त्याहून जास्त फिरली ती हद्द.

मी राहते खारेगावात, म्हणजे कळव्यात. माहेर विटाव्याचं. महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे निवडणुकीच्या ड्यूट्या आल्याच. लाखेच्या सीलाच्या मतपेट्यांपासून व्हीव्हीपॅटपर्यंत सगळं पाहून झालं आहे. घरपट्टी मी ठाणे महापालिकेला भरते. पाणी ठाणे महापालिकेचं, नगरसेवक ठाण्याचा, कोर्ट-कचेरी ठाण्याला. कळव्याच्या खाडीपुलावर उभं राहिलं की पलीकडे ठाणे शहर दिसतं, चालत गेलं तरी फार वेळ लागत नाही. आणि माझा खासदार कल्याणचा.

माझी धाकटी बहीण दिली दिघ्याला. तिचं घर नवी मुंबई महापालिकेत. तिला ठाण्याला यायचं तर गणपतीपाड्याहून निघायचं, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून (पावसाळ्यात तिथलं पाणी ओसरलं असेल तर) माझ्या माहेरच्या दारावरून, कळवा नाक्यावरून, खाडीपूल ओलांडून यायचं. म्हणजे ठाण्याला पोचायला तिला आमचं सगळं कळवा तुडवावं लागतं. आणि खासदार मात्र तिचा ठाण्याचा! ती अजून चिडवते, "ताई, ठाण्याची तू कसली, ठाण्याची मी." २००९ पासून हे चाललं आहे. सरकारी दप्तराच्या हिशोबाने तिचं खरं आहे, म्हणून मला उत्तर देता येत नाही.

हे असं का झालं ते आपल्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. म्हणून थोडं मागून सांगते.

पहिल्या दोन निवडणुकांत ठाणे मतदारसंघातून एक नव्हे, दोन खासदार जायचे. एक सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव. १९५२ ला काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा. आपल्या तक्त्यात या दोन्ही वर्षांपुढे एकेकच नाव आहे. नांदकर आणि मातेरा कुठे गेले? राखीव जागेवरचा माणूस यादीतून आपोआप गळतो, हे शाळेच्या हजेरीपटापासून पाहत आले आहे.

माझी आजी १९५७ ची गोष्ट सांगायची. तेव्हा छापील नावांवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. हातात मतपत्रिका मिळायची ती ज्याच्या पेटीत टाकाल त्याचं मत. आणि इथे जागा दोन, म्हणून मतपत्रिकाही दोन, त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. अक्षरओळख नसलेल्या बाईने आडोशाला जाऊन, विळा-कणीस आहे ती पेटी कुठली हे बघून, एक इथे एक तिथे असं टाकायचं. आजीच्या आयुष्यात लोकसभेला दोन मतं एकदम देण्याचा मान तिला मिळाला, मला नाही. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच बंद झाले.

परुळेकर कसे निवडून आले याचं उत्तरही नकाशातच आहे. १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारली आदिवासींमध्ये केलेलं काम, वेठबिगारीविरुद्धचा तो लढा, याच जिल्ह्यातला. आदिवासी पट्टा मतदारसंघात होता म्हणून तर राखीव जागा होती. आज नौपाड्यात किंवा वाशीत बसून कोणी म्हणालं की ठाण्याने एके काळी लाल बावटा निवडून दिला, तर तेही अर्धवट खरं. ते ठाणे निराळं होतं. (शामराव १९६५ मध्ये स्थानबद्ध असताना गेले. गोदावरीबाई कधी खासदार झाल्या नाहीत. आणि ओघात सांगते, आपल्या तक्त्यात वरपासून खालपर्यंत एकही बाई नाही. हा दोष तक्त्याचा नाही.)

१९६२ ला काँग्रेसचे सोनुभाऊ बसवंत आले. मग १९६७ आणि १९७१. आपण तिथे आडवी रेघ मारून 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं आहे. माहिती आहे, मतदारसंघ नव्हता! त्या दोन निवडणुकांत ठाणे नावाचा लोकसभा मतदारसंघच यादीत नाही. या बाजूला भिवंडी आणि डहाणू अशी नावं होती. बसवंतच १९६७ ला भिवंडीतून निवडून गेले. म्हणजे शिवसेनेने १९६७ ला ठाणे नगरपालिका घेतली, पक्षाच्या आयुष्यातली पहिली सत्ता, तेव्हा लोकसभेच्या नकाशावर ठाण्याचं नावसुद्धा नव्हतं. बालेकिल्ल्याची भाषा करणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

१९७७ ला ठाणे पुन्हा उगवलं. ते माझं पहिलं मत, कारण तेव्हा वयाची अट एकवीस. मतपत्रिकेवर एकीकडे काँग्रेसचं गाय-वासरू, दुसरीकडे जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी. जनता पक्षाचे उमेदवार रामभाऊ म्हाळगी. मूळ जनसंघाचे, पुण्याचे आमदार राहिलेले, आणीबाणीत येरवड्यात. निवडून आल्यावर मतदारांना दर वर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल देण्याची त्यांची पद्धत होती. माझे वडील पोस्टात होते, पक्षबिक्ष काही मानत नसत, पण तो अहवाल त्यांनी विमा पॉलिसीच्या कागदांत जपून ठेवला होता. कुठला प्रश्न विचारला, काय उत्तर आलं. मी शिक्षिका असूनही मला तो रटाळ वाटला होता, हे कबूल. नंतरच्या कोणत्या खासदाराने असं काही माझ्या दारात टाकल्याचं आठवत नाही. कॅलेंडरं मात्र पुष्कळ आली.

१९८० ला देशात इंदिराबाई परत आल्या, तरी ठाण्याने म्हाळगींनाच ठेवलं. मार्च १९८२ मध्ये ते गेले आणि ती गळलेली पोटनिवडणूक झाली. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसचे शांताराम घोलप. ठाण्यातून पंजा निवडून आला तो तेव्हा शेवटचा. १९८९ आणि १९९१ ला भाजपचे प्रा. राम कापसे, कल्याणचे, मराठीचे प्राध्यापक, पुढे अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. १९९६ ला युतीत ही जागा भाजपकडून शिवसेनेकडे गेली. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्या हट्टापुढे वरच्यांचं काही चाललं नाही, असं ठाण्यात आजही सांगतात. मग प्रकाश परांजपे १९९६, १९९८, १९९९, २००४ असे लागोपाठ चार वेळा.

या जुन्या, म्हणजे १९७७ ते २००८ च्या ठाण्याचा घेर केवढा? ठाणे शहर, नवी मुंबई, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ. देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना व्हायची. डोंबिवलीची मध्यमवर्गी वस्ती, उल्हासनगरचे सिंधी व्यापारी, बेलापूर पट्टीतली आम्ही आगरी-कोळी गावं आणि कारखान्यांतले कामगार, सगळे एका खासदाराच्या गळ्यात. म्हाळगी-कापसे यांचा ठाणे बालेकिल्ला म्हणतात त्यातला मोठा वाटा डोंबिवली-कल्याणचा. आज डोंबिवली ठाण्यात नाही. तेव्हा २०२४ च्या जागावाटपात ठाणे मुळात आमचंच, असं भाजपवाले सांगत होते, ते कोणत्या ठाण्याबद्दल बोलत होते? आणि जागा आमचीच, असं ठणकावणाऱ्या शिंदेंच्या शिवसेनेचा दाखला १९९६ पासूनचा, म्हणजे निम्मा त्याच जुन्या ठाण्याचा. दोघेही पाडलेल्या चाळीच्या भाडेपावत्या दाखवून नव्या इमारतीत खोली मागत होते. या घोळात उमेदवार जाहीर व्हायला १ मे उजाडला. मतदान २० मे ला.

आता मूळ मुद्द्याशी येते, २००८-०९.

फेब्रुवारी २००८ मध्ये प्रकाश परांजपे गेले. त्याच महिन्यात न्या. कुलदीप सिंग आयोगाची नवी मतदारसंघ रचना अमलात आली. पण चालू लोकसभेची पोटनिवडणूक जुन्याच हद्दीवर व्हायची, तशी झाली. शिवसेनेकडून परांजप्यांचे चिरंजीव आनंद, राष्ट्रवादीकडून संजीव नाईक. आनंद परांजपे निवडून आले. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, उल्हासनगर, सगळ्यांनी ठाण्याचा खासदार निवडला तो हा शेवटचा. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही ते माहीत नव्हतं.

वर्षभरात २००९ ची सार्वत्रिक निवडणूक लागली. आनंद परांजपे नव्या कल्याणमधून उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या वसंत डावखऱ्यांना हरवून जिंकले. संजीव नाईक नव्या ठाण्यातून उभे राहिले आणि शिवसेनेच्या विजय चौगुल्यांना हरवून जिंकले. एकाच आखाड्यात वर्षापूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले दोघे, एक जिंकलेला एक हरलेला, दोघेही खासदार झाले. लोकांनी मत बदललं का? काही बदललं असेल. ठाण्यात मनसेच्या राजन राजे यांनी सव्वा लाखाहून जास्त मतं घेतली आणि नाईकांचं मताधिक्य होतं सुमारे ४९ हजारांचं, हाही हिशोब आहेच. पण डोंबिवली-कल्याण बाहेर आणि नवी मुंबईचं वजन वाढलेलं, असा नवा नकाशा नसता तर ठाण्याला घड्याळाचा, म्हणजे राष्ट्रवादीचा, खासदार मिळाला असता का, हा प्रश्न आपल्या विश्लेषणात यायला हवा होता. २००८ ला सगळं जुनं ठाणे नाईकांना नाही म्हणालं होतं, एका वर्षापूर्वी. बालेकिल्ला ढासळला, असं आपण लिहिता. अहो, तटबंदीच हलवली होती.

आणि गंमत आमच्या बाजूची ऐका. कळव्यात बहुतेकांना बदल झाल्याचं कळलंच नाही. कसं कळणार? २००८ ला यंत्रावर आनंद परांजपे, धनुष्यबाण. २००९ ला यंत्रावर आनंद परांजपे, धनुष्यबाण. नाव तेच, चिन्ह तेच, शाळा तीच, खोलीही तीच. मला कळलं ते मतदार यादीच्या पहिल्या पानावरून, कारण याद्या चाळायची सवय. वर छापलेलं, '२४ – कल्याण', खाली '१४९ – मुंब्रा-कळवा'. आमच्या शाळेतल्या शिपायाला दाखवलं तर तो म्हणाला, "बाई, छपाईची चूक असंल." स्टाफरूममध्ये त्यावर दिवसभर चर्चा झाली. एकीचं म्हणणं, कल्याण हे नुसतं नाव, खासदार ठाण्याचाच. दुसरीचं म्हणणं, ठाण्याचा तर संजीव नाईक उभा आहे, भिंती रंगवल्यात की ऐरोलीला. शेवटी कल्याण पश्चिमेला राहणाऱ्या एका सहशिक्षिकेने आपलं सांगितलं आणि आमची बोलती बंद झाली. तिचं घर कल्याण स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आणि तिचा मतदारसंघ भिवंडी. आजही तसंच आहे. दुर्गाडी किल्ला कल्याणचा, पण लोकसभेला तो भिवंडीत. खारेगाव ठाण्याचं, पण लोकसभेला ते कल्याणात. आणि भाईंदर ठाण्यात.

भाईंदरचं तर विचारूच नका. आजच्या ठाणे मतदारसंघात सहा विधानसभा : मिरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर. उत्तनच्या समुद्रापासून बेलापूरच्या डोंगरापर्यंत. ठाण्याहून भाईंदरला थेट लोकल नाही. एकतर घोडबंदरच्या कोंडीत बसा, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलून उलटे या. भाईंदरकराचं दुखणं पश्चिम रेल्वेचं, बेलापूरकराचं हार्बरचं, ठाणेकराचं मध्य रेल्वेचं. खासदाराने रेल्वेमंत्र्यांना निवेदन द्यायचं तर तीन वेगळी द्यावी लागणार.

आता कोणी म्हणेल, आयोगाने मुद्दाम केलं. मला तसं वाटत नाही. मी गणित शिकवायचे, म्हणून मांडून पाहिलं. फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा सुमारे ९ कोटी ६९ लाख, खासदार ४८, म्हणजे एका मतदारसंघाला साधारण २० लाख. ठाणे महापालिका साडेबारा लाखांच्या पुढे, नवी मुंबई सात लाख, मिरा-भाईंदर पाच लाखांवर. तिन्हींची बेरीज पंचवीस लाखांच्या घरात. साडेचार-पाच लाख कुठेतरी कमी करायलाच हवेत. कात्री लागली ती मुंब्रा-कळव्याला. खाडीच्या अलीकडे-पलीकडे म्हटलं की कागदावर रेघ सरळ दिसते. पण मग ऐरोली आणि बेलापूरही आमच्याच बाजूला आहेत की खाडीच्या! खाडी ओलांडून दिघा ठाण्यात जाऊ शकतं, तर मधलं विटावा का नाही? एकच शहर मोडायचं होतं तर त्याचं कारण लोकांना सांगायचं होतं. जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा त्या फेरीत तेरावरून चोवीस झाल्या, लोकसभेच्या वाढल्या. ठाणे जिल्ह्याचं वजन वाढलं म्हणून सगळ्या पक्षांनी पेढे वाटले. तुकडे कसे पडले ते बघायला कोणी बसलं नाही.

यामुळे नुकसान काय, असंही विचारतील. खासदाराचं काम दिल्लीत, गटार-दिवे बघायला नगरसेवक आहे. खरं आहे. पण आमच्याकडे दिल्लीचं म्हणजे रेल्वे, आणि रेल्वेवर तर आमचं सगळं आयुष्य. खारेगावचं फाटक वर्षानुवर्षं आमचा जीव खात होतं. जानेवारी २०२२ मध्ये एकदाचा उड्डाणपूल सुरू झाला. कळवा स्टेशन ठाण्यापासून एकच स्टेशन, पण सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून माणसं कारशेडमधून निघणारी गाडी पकडायला रुळांत उतरतात. यावर उपाय म्हणून ऐरोली-कळवा उन्नत मार्ग आखला गेला, मुंबईच्या रेल्वे विस्तार योजनेतला (एमयूटीपी-३), कल्याणकडच्या लोकांना ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईत जाता यावं म्हणून. त्यातलं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होऊन बरेच महिने कुलूपबंद राहिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. माझ्या बहिणीच्या दारात लोकल आली, आनंद आहे. कळव्याकडची बाजू घरांच्या पुनर्वसनात अडकली ती अडकलीच. मार्ग एक, एक टोक ठाणे मतदारसंघात, दुसरं कल्याणात. दिघ्याच्या टोकाला एका खासदाराचे बॅनर, कळव्याच्या टोकाला दुसऱ्याचे. पाठपुरावा नेमका कोणाचा, हे त्या बॅनरवरून कळत नाही.

काही वर्षांपूर्वी कळवा स्टेशनच्या जिन्याबद्दल आम्ही बायकांनी सह्यांचा अर्ज केला. गुडघे दुखणाऱ्या बायकांचा अर्ज म्हणा. ठाण्यात एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात घेऊन गेलो. टेबलावरचा मुलगा भला होता, चहा दिला. अर्ज वाचला, पत्ता वाचला आणि म्हणाला, "मावशी, कळवा आपल्याकडे येत नाही. तुम्ही कल्याणवाल्यांना द्या." मी म्हटलं, बाळा, या खिडकीतून बघ, तो काय पूल. तो हसला. त्याच्या हातात काही नव्हतं. अर्ज आम्ही पोस्टाने पाठवला. एवढंच.

विधानसभेला मुंब्रा-कळव्यातून २००९ पासून जितेंद्र आव्हाड सलग निवडून येतात. लोकसभेला त्याच पेट्यांतली मतं कल्याणच्या बेरजेत जातात आणि तिथे २०१४ पासून तिन्ही वेळा श्रीकांत शिंदे. ठाण्याच्या राजकारणात आमचा आवाज किती, हे मोजायचीच सोय उरली नाही. मुंब्रा-कळवा ठाण्यात असतं तर ठाण्यातून निवडून आलेल्या शिवसेनेच्या राजन विचाऱ्यांचं २०१४ चं २ लाख ८१ हजारांचं किंवा २०१९ चं ४ लाख १२ हजारांचं मताधिक्य तेवढंच राहिलं असतं का, आणि २०२४ ला विचारे ठाकरे गटाची मशाल घेऊन आणि नरेश म्हस्के शिंदे गटाचा धनुष्यबाण घेऊन समोरासमोर आले तेव्हा म्हस्क्यांचं २ लाख १७ हजारांचं मताधिक्य कितीवर आलं असतं? कदाचित काहीच फरक पडला नसता. पण एकदा बेरीज-वजाबाकी करून छापा की. विधानसभानिहाय आकडे निवडणूक आयोगाकडे असतात, पत्रकारांना ते मिळवणं अवघड नाही. आनंद परांजप्यांचंच बघा. २००८ ला ठाण्यातून जिंकले, २००९ ला कल्याणमधून जिंकले, २०१४ ला पक्ष बदलून राष्ट्रवादीतर्फे कल्याणात हरले, २०१९ ला ठाण्यात हरले. आपल्या तक्त्यात हा माणूस फक्त एका ओळीत आहे, २००८ च्या.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, पुढची फेररचना दारात उभी आहे. जनगणना २०२७ ची जाहीर झाली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत राज्याराज्यांच्या लोकसभेच्या जागा गोठवलेल्या होत्या, ती मुदत आता संपते. जागा वाढोत न वाढोत, आमच्या बाजूच्या रेघा हलणार हे नक्की. २०११ लाच ठाणे महापालिका १८ लाखांवर आणि नवी मुंबई ११ लाखांवर गेली होती. घोडबंदरला तेव्हापासून किती मनोरे उभे राहिले ते तिकडून बसने जाणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे कात्री पुन्हा चालणार, या वेळी जास्त खोल.

फेररचनेचा एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठक घेतो. त्यानंतर अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ, आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद मागणं जवळपास अशक्य. म्हणजे बोलायचं ते मधल्या काही आठवड्यांत. राजपत्र कोण वाचतं? वर्तमानपत्रात येतं ते बारीक टायपात, गावांची आणि प्रभागांची नावं एकापुढे एक, नकाशा नाही. पक्षांची माणसं तेवढी बैठकीला जातात, आणि त्यांची हरकत असते ती आपली मतं कुठे जातात एवढ्यापुरती.

तेव्हा आपल्याला विनंती. मसुदा येईल तेव्हा ठाणे आवृत्तीत पानभर नकाशा छापा, जुनी रेघ आणि नवी रेघ दोन रंगांत. हरकत कुठे पाठवायची, शेवटची तारीख कोणती, हे ठळक टायपात. जाहिरातीचं पान जाईल, मान्य.

माझी हरकत मी आत्ताच लिहून ठेवली आहे, म्हटलं वेळेला धांदल नको. त्यात तीनच गोष्टी आहेत. एक, ठाणे महापालिकेचे कळवा, खारेगाव, विटावा हे भाग ठाणे मतदारसंघात घ्यावेत. दोन, गणितात बसत नसेल तर जो भाग कापाल त्याचं कारण आदेशात मराठीत लिहावं. तीन, ऐरोली-कळवा मार्ग ज्या भागांतून जातो ते सगळे एका खासदाराकडे द्यावेत, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. विटाव्यात भावजय सह्या गोळा करते आहे. दिघ्याच्या बहिणीला सही मागितली तर म्हणते, माझा काय संबंध, मी ठाण्याची. तिसरा मुद्दा वाचून दाखवल्यावर तिने केली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
खारेगाव, कळवा (जि. ठाणे)